बाबाजीचं मडकं

घोडबंदरच्या रस्त्यानं चालत येताना झाडीच्या फटीतून ते पाणी पहिल्यांदा दिसलं, तेव्हा शिवा जागच्या जागी थांबला आणि खांद्यावरच्या झोळीला म्हणाला, "लेका बाबाजी, मला वाटायचं तू थापा मारतोस."

पाणी खरंच दांडगं होतं. गोदावरीला पूर आला की ती एवढी दिसते, आणि हे तर ऐन वैशाखात. झोळी काही बोलली नाही. बोलणार कशी? आत एक मातीचं मडकं होतं, त्याच्या तोंडाला लाल फडकं सुतळीनं करकचून बांधलेलं, आणि त्या मडक्यात बाबाजी होता. उरला होता तेवढा.

आता हा शिवा म्हणजे कुणी मोठा साधूबिधू नव्हे हं. भगवी कफनी घातली की गावोगाव दोन घास मिळतात आणि पोलीस हटकत नाहीत, एवढ्यापुरताच त्याचा संन्यास. मूळचा नेवाशाकडचा. घरचं कुणी उरलं नाही तेव्हा गोदेच्या काठानं चालायला लागला आणि मग चालतच राहिला. पैठण झालं, नांदेड झालं, तिकडून वर नर्मदेवर महेश्वर, ओंकारेश्वर. नदी सोडून त्यानं कधी मुक्काम केला नाही. समुद्र तर पाहिलाच नव्हता. नद्या जिथं संपतात ती जागा जाऊन बघायची कशाला, असं त्याचं म्हणणं.

ओंकारेश्वरच्या घाटावर त्याला बाबाजी भेटला. बाबाजी हे पाळण्यातलंच नाव, पण लोकांना वाटायचं साधुपणाचं आहे, आणि तोही गडी कुणाची समजूत मोडायचा नाही. हा भाईंदरजवळच्या खारी गावचा. बापजाद्यांपासून मिठागरावर राबलेला. घर सोडलं ते कशावरून, तर कालवणात मीठ कमी पडलं यावरून! मिठागरवाल्याच्या घरात मीठ कमी. चारचौघांत ताट सरकवलं, बायकोला वाटेल ते बोलला. ती पण काही कमी नव्हती. म्हणाली, "मंग जा, दुसरीकडं चांगलं भेटतं का बघ." हा उठला आणि गेला. दोन दिवसांनी यायचंच होतं. पण दोनाचे चार झाले, मग लाज वाटायला लागली, आणि लाज अशी चीज आहे की रोज वाढते, कमी कधी होत नाही. वर्षांमागून वर्षं गेली. प्रत्येक नदीवर बाबाजी खारीच्याच गोष्टी सांगे. मिठाच्या पांढऱ्या राशी, बांधावरची चिंच, आणि त्याची सुगंधा. शिवाला ते गाव न बघताच तोंडपाठ झालं होतं.

माघात नाशकाला बाबाजीनं अंथरूण धरलं. शेवटी शेवटी म्हणाला, "शिवा, मना या गोड्या पान्यात सोडू नको. मी मिठाचा मानूस, मना झोप न्हाय लागनार. खारीला ने. मडक्याचं तोंड सुगंधाच्या हातानं सोड. आनि तिला सांग, मीठ बरोबर होतं."

एवढंच काम होतं बघा. शिवानं आयुष्यात कुणाला शब्द म्हणून दिलेला नव्हता. हा एकच दिला.

भाईंदरला पोचला तर गावच सापडेना. केबिन रोडवर दुकानदारांना विचारलं, "खारी कुठं?" एक म्हणाला, "कौनसी बिल्डिंग?" दुसरा म्हणाला, "महाराज, सगळी खारीच आहे, तुम्हांला कुठं जायचंय?" चारी बाजूंनी इमारती उठत होत्या. कुणाला रंग लागलेला, कुणाला नुसतंच प्लास्टर, कुणाच्या तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड आलेलं आणि चौथ्यावर अजून बांबू. मिठाच्या राशींच्या जागी वाळूच्या राशी. शिवा पार चक्रावून गेला. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी म्हातारीला विचारलं, तेव्हा तिनं दोन इमारतींच्या मधल्या बोळाकडं हात केला. बोळातून आत गेलं तर खरंच एक गाव होतं. कौलारू घरं, अंगणं, कोंबड्या. आणि बाबाजीच्या घरापुढं, जिथं शिवानं रडारड होईल म्हणून मनाची तयारी केली होती, तिथं मांडव घातलेला होता.

मांडवाच्या खांबाला केळीचे खुंट बांधत होता तो रामनाथ, बाबाजीचा धाकटा भाऊ. शिवानं त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. रामनाथनं आधी झोळीकडं पाहिलं, मग मागं वळून घराकडं पाहिलं, आणि शिवाचा दंड धरून त्याला जवळजवळ ओढतच घरामागं बांधावरच्या चिंचेखाली नेलं. तिथं मात्र त्याला धीर राहिला नाही. झोळीवर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसून त्यानं विचारलं, "वैनीला सांगितलंत?"

"अजून न्हाई."

"तुमच्या पाया पडतो म्हाराज, सांगू नका."

शिवाला वाटलं आपण चुकून ऐकलं. पण रामनाथ खरंच वाकला होता.

"माझ्या समीक्षाचं लगीन हाय," तो म्हणाला. "उद्या हलद, परवा लगीन. वैनीनं ती पोर वाढवलीय. पयली हलद तिच्या हातची लागनार. सवाशीन म्हनून. तुम्ही आता तोंड उघडलंत, की ऐकल्या क्षणापासून आमाला सुतक. लगीन ऱ्हायलं. मुलाकडचे उत्तनचे, एकदा मोडलेलं ते परत जुळवतील काय? आनि वैनीचं कुंकू... माझ्या पोरीच्या मांडवात वैनीचं कुंकू पुसायचं का मी?"

बरं, रामनाथ काही वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"मग लगीन झाल्यावर सांगतो," शिवा म्हणाला.

रामनाथनं पुन्हा एकदा नाक पुसलं. "झाल्यावर पन कशाला? ती वाट बघत ऱ्हायलीय ना, बघूंदे. वाट बघन्यावर जगतेय ती. तुम्ही सांगाल आनि जाल निघून. मागं तिला बघनार कोन? मी हाय ना?"

अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून मडकं चिंचेच्या आडव्या फांदीला टांगलं. वर पोतं टाकून झाकलं. शिवानं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बांधापलीकडं नाला होता, तो पुढं जाऊन त्या मोठ्या पाण्याला मिळायचा. बांधात जुनी लाकडी फळ्यांची दारं होती, अर्धी कुजलेली. मिठागरात पाणी घ्यायची ती उघाडी. बाबाजी रोज ही दारं उघडायचा-लावायचा, आणि आता तिच्या आतल्या अंगाला मिठागर नव्हतंच. भराव टाकून सपाट केलेली जमीन आणि तिच्यावर बिल्डरचा बोर्ड.

सुगंधानं त्याला संध्याकाळी मांडवाच्या कोपऱ्यात जेवायला वाढलं. उंच, काटक बाई, केस पिकलेले, आणि कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. शिवानं ते बघितलं आणि खाली मान घातली ती वर केलीच नाही. पुष्पलता म्हणजे रामनाथची बायको हसून म्हणाली, "वैनीचं हे असंच बघा. भगवा दिसला की बसवलाच पानावर."

सुगंधा समोर बसली. "म्हाराज, तुम्ही लई फिरता. एक इचारू?"

"इचारा, माय."

"आमचा मानूस कुठं दिसला का हो? बाबाजी नाव. डाव्या हाताचं बोट वाकडं हाय, फली लागून वाकडं झालेलं."

ते बोट शिवानं शेवटच्या दिवशी हातात धरलेलं होतं. रामनाथ खांबाशी उभा राहून बघत होता.

"न्हाई माय," शिवा म्हणाला. "असा कुणी दिसला न्हाई."

"आसंल कुठंतरी," ती म्हणाली. वाईट वाटल्यासारखं सुद्धा दाखवलं नाही. सवय झाली होती. "दिसला तर सांगा, सुगंधा रागावलेली न्हाय. मीच तोंडाची फटकल. मीठ खरंच कमी होतं हो त्या दिवशी. ताट वाढलं आनि मंग चाखलं मी."

काय म्हणावं या दोघांना! एक मरताना म्हणतो मीठ बरोबर होतं, दुसरी म्हणते कमी होतं, आणि मधे हा बसलाय घास धरून. शिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट लागलं काय?" म्हणत तिनं ताक आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मांडवात गाणी सुरू झाली तसा शिवा बाहेर पडला. तिच्यासमोर बसवेना. दिवसभर तो शहर फिरला. नया नगरपर्यंत गेला, परत आला. आजवर त्यानं जेवढी नदीकाठची गावं पाहिली त्या सगळ्या गावांची तोंडं नदीकडं होती. घाट असायचे, पायऱ्या असायच्या, काही नाही तर एक फुटका दगडी देव तरी पाण्याकडं बघत असायचा. इथं सगळ्या शहरानं पाण्याकडं पाठ केली होती. इमारतींचे संडासाचे पाइप तेवढे त्या बाजूला. टँकरसमोर डबे घेऊन उभ्या असलेल्या, इस्त्रीच्या शर्टातल्या एका गृहस्थाला त्यानं विचारलं, "दादा, एवढी मोठी नदी गावाला, आणि पाण्याला टँकर?"

तो गृहस्थ हसला. परळहून येऊन त्याला सहा महिने झाले होते. "नदी कसली हो, खाडी आहे ती. वास येतो म्हणून आम्ही त्या बाजूची खिडकी उघडत नाही."

"तुम्ही इथलेच?"

"इथलं कोण आहे इथं? सगळे जातायत, येतायत. तुमच्यासारखंच."

एरवी शिवाला असं बोलणं आवडलं असतं. आज त्याला भरून आलं. बाबाजी ज्या गावासाठी झुरून मेला ते गाव कुणाचंच नव्हतं. जिचं होतं तिला सांगायची चोरी.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली होती. काल सकाळी नाला काठोकाठ भरलेला होता आणि संध्याकाळी तिथं नुसता चिखल, त्यात खेकडे पळत होते. आज दुपारी परत भरलेला. शिवानं आपल्यापुरता हिशोब लावून टाकला. वर कुठंतरी धरण असणार, त्यातून पाणी सोडतात आणि बंद करतात. पैठणला असंच होतं. कुणाला विचारावं असं त्याला वाटलंच नाही, आणि ज्याला विचारायचं तो मडक्यात.

हळद लागली. लांबूनच त्यानं पाहिलं. समीक्षाच्या गालाला पहिला हात सुगंधानं लावला, आणि पोरगी तिच्या गळ्यात पडून रडली. सुगंधा हसत होती, अंगभर पिवळी झालेली, कुंकू घामानं थोडं ओघळलेलं. त्या क्षणी शिवाचा निर्णय झाला. हिला सांगायचं नाही. बाबाजीला दिलेला शब्द मोडायचा तर मोडू दे, नरकात आपण जाऊ. पण मग मडक्याचं काय? चिंचेवर किती दिवस टांगणार? मांडव उतरला की पोरं झाडावर चढतील, कुणीतरी पोतं उचलेल.

ऊन कललं तेव्हा त्यानं मडकं उतरवलं आणि नाल्याच्या कडेनं चालत मोठ्या पाण्यापर्यंत गेला. पाणी जोरात चाललं होतं, पश्चिमेकडं, सूर्याच्या दिशेनं. वाहतं पाणी म्हणजे पुढं जाणारं पाणी, हे शिवाला जन्मापासून ठाऊक. नदीत सोडलेलं माघारी येत नाही, म्हणून तर लोक नदीत सोडतात. तो गुडघाभर चिखलात उतरला. सुतळीच्या गाठीला त्यानं हात घातला आणि काढून घेतला. तोंड तिनं सोडायचं होतं. तेवढा तरी शब्द आपण मोडायचा नाही, असं त्यानं ठरवलं आणि बंद मडकंच पाण्यावर ठेवलं.

मडकं बुडालं नाही. डुलत डुलत प्रवाहाला लागलं, लाल ठिपका लहान लहान होत गेला. "बाबाजी, खारंच पाणी आहे रे," शिवा म्हणाला आणि ढसाढसा रडला. परतताना त्याला हलकं वाटत होतं. मडकं सोडल्याचं रामनाथला सांगितलं तेव्हा रामनाथनं त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. पाणी कुठलं, कधीचं, हे विचारायचं त्याला सुद्धा सुचलं नाही. खाडीवर जन्म गेलेला माणूस, पण डोक्यात मांडव, वरात, आचारी.

सकाळी शिवा निघतच होता. सुगंधानं झोळी हिसकावून घेतली. "लग्नाचं जेवल्याशिवाय कसे जाता? देवाचा मानूस उपाशी गेला तर पोरीला काय म्हनायचं?" तो थांबला. थांबला नसता तर बरं झालं असतं, पण थांबला खरा.

उन्हं डोक्यावर यायला लागली, वरात यायची वेळ झाली. घरामागं बायका भांडी घासत होत्या. एकाएकी तिकडून किंकाळी आली, मग दुसरी. शिवा आणि रामनाथ दोघंही धावले. पौर्णिमेचं उधाण होतं, नाला बांधाच्या काठाला टेकला होता, आणि पाणी उलटं, खाडीकडून गावाकडं येत होतं. शिवा बघतच राहिला. पाणी उलटं येतं हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या पाण्यावर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या मधे, उघाडीच्या कुजक्या फळ्यांवर हळूहळू धडका देत ते मडकं होतं. लाल फडकं तसंच. सुतळीची गाठ तशीच.

"कुनाची तरी हाडं हायत," पुष्पलता ओरडत होती. "अगं बया, लग्नघरात!"

कुणी पुढं होईना. बायका पदर तोंडाला लावून मागं सरल्या. रामनाथचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तेवढ्यात घरातून सुगंधा आली, नवं लुगडं, अंबाड्यात वेणी. तिनं एकदा पाहिलं आणि मांडवाचा उरलेला बांबू उचलला.

"मी काढतो, माय!" शिवा पुढं झाला. "मला काढू द्या, मी नेतो त्याला."

"नको म्हाराज. तुम्ही पाव्हने. घरावर आलेली अवदसा घरच्यानीच घालवायची." मग बायकांकडं वळून म्हणाली, "पोरींनो, मागं व्हा. लेकुरवाल्या तुम्ही. मना म्हातारीला काय होनार हाय? जे काय व्हायचं ते मना होऊंदे, समीक्षाला नको."

शिवा तरी पुढं सरला, पण मनगट कुणीतरी धरलं. रामनाथ. इतकं घट्ट की हाड दुखलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो मान हलवत होता, नको, नको.

सुगंधानं बांबू मडक्याला लावला आणि ढकललं. ते सरकलं, फिरलं आणि भरतीच्या पाण्यानं परत येऊन फळीला टेकलं. तिनं पुन्हा ढकललं, पुन्हा ते आलं. मग तिला राग आला. पोरीच्या वरातीची वेळ, आणि हे जाईना! तिनं दोन्ही हातांनी बांबू उचलून खाली हाणला. खाडकन आवाज झाला. खापऱ्या उडाल्या, राखेचा एक करडा पट्टा पाण्यावर पसरला आणि फळ्यांच्या फटीतून आत, भरावाच्या बाजूला, ओढला गेला. लाल फडकं तेवढं बांबूच्या टोकाला अडकलं होतं. तिनं ते झटकून टाकलं.

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी तांब्याभर पाणी आणलं, सुगंधानं हातपाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. राग उतरला तशी ती जरा ओशाळली. उघाडीकडं बघत उभी राहिली.

"कुनाचा तरी मानूसच असंल तो," ती म्हणाली. "असं कसं सोडलं हो त्याच्या लोकांनी? त्याच्यामागं कोनी बायको न्हवती वाटतं." मग शिवाकडं वळून तिनं हात जोडले. "म्हाराज, मी मेल्यासंगं वाईट वागले. तुम्ही देवाचे मानूस. त्याचं नाव घेऊन दोन शब्द बोला, म्हनजे त्याला गती मिलंल."

शिवानं तिच्याकडं पाहिलं. रामनाथनं अजून मनगट सोडलेलं नव्हतं. पुढच्या बाजूला वरातीचा बँड वाजायला लागला होता.

"मला त्याचं नाव ठाऊक न्हाई, माय," शिवा म्हणाला.